ओट्याची भिंत

सन छत्तीसची दिवाळी तोंडावर आली होती. पहिलीची पोरं वर्गाबाहेर नेली म्हणून शंकर गुरुजींची बदली झाली, अन् हुकूम खिशात घालून ते नंदुरबार स्टेशनात खांबाला टेकून बसले होते. खांबापलीकडे दोन बाया बोलत होत्या. त्यातल्या एकीचा, शाळेच्या गावातल्या गजराबाईचा, आवाज त्यांनी ओळखला.

"दिवाळीनं घर सारवं का, गजराबाई?"

"सारं सारवं. ओट्यानी भिंत तेवढी ऱ्हाऊ दिन्ही."

"काबर व?"

"तठे नागपंचमीले काढेल नाग शेतस. गुरुजी पोरेसले लिसन ओट्यावर उनात. म्हनेत, आज तुम्ही शिकवा."

"तू? तुले तं एक अक्षर येस नही!"

"मी बी तेच सांगं. तं गुरुजी पोरेसमा मांडी घालीसन बसनात. मी गेरूना नाग काढा, तसा पोरेसनी काढा, गुरुजीनी बी काढा."

"सासू कावनी नही?"

"कावनी. मी सांगं, मी कधी शाळामा गऊ नही, शाळा मन्हा घर उनी."

"अन् गुरुजीना नाग कसा उना?"

"वाकडा! गांडूळ दखास. पन पुसाले हात उठस नही."

खांबाआड गुरुजींनी बोटानं मांडीवर नाग काढून पाहिला. पुन्हा वाकडाच आला.