आमच्या तुकडीचा पहिला विमानप्रवास

आमच्या रायपूरच्या हवाई कॅडेट तुकडीचा इतिहास सांगू का? इतकी वर्षं झाली, पण आमच्यातलं कोणीच कधी विमानात बसलं नव्हतं. रेल्वेतून रिटायर झालेले मेश्राम सर पोट्ट्यांना हौसेनं विमानशास्त्र शिकवतात, अन् मी कवायत घेतो.

यंदा दिल्लीच्या शिबिरासाठी विमानाची तिकिटं मिळाली. विमान धावायला लागलं तसा सरांनी माझा हात घट्ट धरला अन् डोळे मिटले.

मी हळूच म्हटलं, "सर, विमान कसं उडते हे तर तुम्हीच शिकवता."

"म्हणूनच तर भेव वाटून राहिलं," ते म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या कॅडेट पोट्टीनं विचारलं, "सर, आँखें क्यों बंद की हैं?"

सरांचा आवाज एकदम करडा झाला. "बादल में पायलट को कुछ नहीं दिखता, बेटा. उसी की प्रॅक्टिस है."

"हव सर," ती म्हणाली, अन् तिनं मागच्यांनाही सांगितलं.

दिल्लीला उतरल्यावर मी सगळ्यांना विचारलं, "वरून काय काय दिसलं रे?"

कोणालाच काही दिसलं नव्हतं. सगळी तुकडी दिल्लीपर्यंत डोळे मिटून प्रॅक्टिस करत आली होती.