गोकर्णीचं फूल कोणाच्या मोरीतलं?

पोट्टे डोकं चालवत नाहीत म्हणता? मग माह्यावाला वर्ग पाहा. मागच्या वर्षी मी साऱ्या पोट्ट्यांच्या घरी शोषखड्डे खणून घेतले, सांडपाणी नाल्यात जाऊ नये म्हणून. तरी नाल्यात साबणाचा फेस येऊनच राह्यला!

"कोणाचा खड्डा चुकला असंल?" मी वर्गात विचारलं.

पायल राठोड उठली. "सर, घरोघरच्या मोरीत येगयेगळं फूल सोडू. जे नाल्यात निघंल, ते घर!"

दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांनी घरोघरी फुलं सोडले अन् आम्ही सारे नाल्याच्या पुलाखाली डोळे लावून बसलो. तासाभरानं गोकर्णीचं एक निळं फूल तरंगत आलं. बाकी एकही नाही.

मी ताडकन उठलो. "कोणाचं घर आहे हे? रविवारी सारा वर्ग घेऊन जातो अन् समजावतोच त्याले!"

पोट्टे एकमेकांकडं पाहाले लागले. पायल हळूच म्हणे, "सर, सारे घरं घ्याचे होते, म्हणून तुमचंही घेतलं. काकूले विचारूनच सोडलतं."

वरून तिनंच विचारलं, "मंग रविवारी फावडं आम्ही आणू, का तुमच्या घरी आहे?"