ब्लेडची पाठ

(पापडी गाव. घरासमोरच्या अंगणात बोनेट उघडून उभी असलेली जुनी पद्मिनी. बोनेटवर पांढऱ्या रिबिनी.)

ज्युली: डॅडी, सेल्फ मारू नका आता! बॅटरी बसेल.

फर्डिनंड: एकदाच. आता घेते बघ.

आल्बिना: मघापासून घेतेच आहे! अहो, लग्न चारला आहे. पाचला फादरांकडे दुसरं लग्न आहे. मी केनीला फोन करते, तो त्याची गाडी घेऊन येईल.

फर्डिनंड: केनीची गाडी नको. पापडीतल्या सतरा नवऱ्या मी या गाडीतून देवळात नेल्या. आणि माझी पोरगी भाच्याच्या गाडीतून जाणार? ज्युली, किती वाजले?

ज्युली: साडेतीन. काल सकाळी तर चालत होती. केलंत काय?

आल्बिना: काय करणार! चालत्या गाडीला हात लावला. लग्न म्हणून नवे प्लग. मी म्हटलं पाहुण्यांना खुर्च्या आणा, तर हे दुपारभर बोनेटमध्ये.

फर्डिनंड: नवे प्लग घातले हा गुन्हा झाला का? चारही प्लगचा गॅप मी स्वतः सेट केलाय.

ज्युली: एक काढून दाखवा.

फर्डिनंड: तू लांब हो. गाऊनला ऑइल लागेल.

ज्युली: लागू दे.

आल्बिना: लागू दे म्हणे! शिवणारी दिपिका दोन महिने खपलीय त्या गाऊनवर. थांब, ही चादर गुंडाळ. आणि या पावाच्या पिशव्या हातात घाल.

ज्युली: बघू. डॅडी, प्लग ओला आहे. पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही. पडणार कशी? फट केवढी आहे! माझं नख आरामात जातंय.

फर्डिनंड: नखाने मोजायला मी शिकवलं का तुला? ब्लेड लावून केलाय.

ज्युली: कसं लावलंत ते दाखवा.

फर्डिनंड: चाळीस वर्षं करतोय मी हे.

ज्युली: डॅडी, दाखवा.

फर्डिनंड: हे घे. हॅक्सॉचं ब्लेड. असं फटीत सरकवायचं. घासून जातंय ना? मग झालं.

ज्युली: हे दात आहेत.

फर्डिनंड: काय?

ज्युली: तुम्ही दातांची बाजू घातलीत. दहा वर्षांची होते मी, तुम्हीच टपली मारून सांगितलं होतं, ब्लेडची पाठ लावायची. दात दोन्हीकडे वाकलेले असतात, जाड भरतात, गॅप मोठा होतो.

फर्डिनंड: झालं असेल घाईत. किती वाजले?

ज्युली: घड्याळ तुमच्या हातात आहे.

फर्डिनंड: हं.

ज्युली: सकाळपासून मलाच विचारताय. परवा सांडोरला कुंपणात गाडी घातलीत, म्हणालात ब्रेक लागला नाही. डॅडी, तुम्हाला दिसत नाही का?

आल्बिना: अहो? बोला की!

फर्डिनंड: दिसतं. धुरकट दिसतं. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नका. मी म्हटलं, पोरीला एकदा देवळात पोचवतो, मग काय ते कापा.

आल्बिना: आणि मला रोज बाजारात नेत होतात! असेच!

फर्डिनंड: ओरडू नको, आल्बिना. मला आधीच लाज वाटतेय.

ज्युली: मलाही राग आलाय, पण तो उद्या. बाकीचे तीन काढा. पाना फिरवायला डोळे लागत नाहीत. फट कमी करायला प्लगची ही वरची पट्टी किती ठोकू?

फर्डिनंड: हळू. उकडलेलं अंडं चमच्याने फोडतो तसं. आता पाठ घाल. घासली पाहिजे, पण जोर लागता कामा नये.

ज्युली: घासली. दुसरा द्या.

आल्बिना: पावणेचार झाले! ज्युली, रडतेस काय? पावडर जाईल सगळी.

ज्युली: रडत नाहीये. तिसरा द्या. हा चौथा. घ्या, पुसून बसवा सगळे. वायरी लावल्यात? मी सेल्फ मारते.

फर्डिनंड: मार.

ज्युली: घेतली! डॅडी, घेतली!

फर्डिनंड: थांब, ऐकू दे. हां. चारही बोलतायत. कान तरी शाबूत आहेत माझे.

आल्बिना: केनीला बोलावू का चालवायला?

ज्युली: कशाला? मी बसलेय की स्टिअरिंगवर. ममा, तू मागे बस.

आल्बिना: नवरी स्वतः गाडी हाकत देवळात जाणार? लोक तोंडात बोटं घालतील!

ज्युली: घालू देत. डॅडी, तुम्ही इकडे, माझ्या शेजारी.

फर्डिनंड: मी नेणार होतो गं तुला. तू जन्मलीस तेव्हापासून मनात होतं.

ज्युली: देवळाच्या दारापासून आत फादरांसमोर, अल्तारापर्यंत तुम्हीच नेणार आहात. तो रस्ता सरळ आहे, कुंपण नाही.

फर्डिनंड: चल मग. फुलं माझ्याकडे दे, गिअर टाकताना चुरगळतील. आणि मला सांग, किती वाजले?