कुलसुमभाबीचा पंखा

…सेल? सेल गेले असतील म्हणे! कोण बोलली, तुझी आई? – रिमोट नको रे, तो ठेव खिशात, डबा दे मला, पंख्याचा डबा. हा उघडला बघ. काय दिसतंय, अली? काय नाय दिसत. कसं दिसणार – कुवेतला आंधळा गेलास नि आंधळा आलास. डब्यावर चित्र कसलं आहे? बल्बचं. बल्ब कमीजास्त करायचा डबा हा, नि तू मे महिन्यात येऊन तो पंख्याला लावून गेलास! वर मला सांगतोस, इकडचा करंटच वाईट. पोफळीच्या वीजवाल्यांवर ढकलू नकोस मेल्या, जुना खटका उपटून टाक म्हणून ते नव्हते आले सांगायला.

हा तीन पायांचा दिसतो ना, हा ट्रायॅक. करंट सोडायचा की अडवायचा, सगळं ह्याच्या हातात. बल्ब गरीब – विझ म्हटलं की विझतो. पंख्यात असते कॉइल, आणि मी जन्मभर तारा गुंडाळून पंखेच भरतेय, मला विचार – कॉइल करंट सहजासहजी सोडत नाय, उलटा झटका मारते. तो झटका खायला बाजूला एक रेझिस्टन्स नि कंडेन्सर लागतो. आहे इथं? नाय. मग झटके कोणी खाल्ले? ह्यानंच, खाऊन खाऊन मेला. थांब, मीटर लावते – पीऽऽ – ऐकलंस? सरळ शॉर्ट. फ्यूज मेला तर सगळं बंद पडतं. हा मेला की दार सताड उघडं टाकून मरतो. मग तू रिमोट दाब नायतर डोकं आपट, पंखा फुल्लच!

काल बिघडला? कोण म्हणतो काल? ही काजळी, आणि काजळीवर ही बुरशी – एका रात्रीत चढली? तुला काल जरा गार लागलं, पंखा हळू होईना, म्हणून आज धावत आलास. एक रात्र! आणि ती बाई अख्खा पावसाळा –

काय नाय. बोलले असंच.

असा बघू नकोस माझ्याकडे… बरं, मग ऐकच. जून लागल्यापासून गरगरतोय तो. बंद करायला खटका तू ठेवला नाहीस, मेन पाडावा तर फ्रिज बंद, नि फ्रिजमध्ये तिची साखरेची इंजेक्शनं. मी गेले होते ना – जुना रेग्युलेटर पिशवीत घालून गेले, स्टुलावर चढले, तर भाबी खालून माझा पाय धरते! ‘बकुळा, नको गो. अलीनं हातानं बसवलाय. उतरवलेला बघितला तर म्हणेल, आईला माझी वस्तू नको झाली.’ गुडघे हे एवढे सुजलेले, नि स्वयंपाकघरात लादीवर झोपायला लागली. तुला काय सांगितलंन, तिथंच बरं वाटतं? आणि तुला पटलं! खुशाल तिच्या खाटेवर पसरलास! फोन मात्र त्याच खोलीत. तुझी रिंग आली की ही डोक्यावरून शाल घेऊन पंख्याखाली उभी – ‘हो रे बाबा, चालतोय, मस्त वारा लागतो.’ खोटं काय बोलली? चालत तर होताच.

…झालं. नको होतं बोलायला. शब्द दिला होता मी तिला. तुझ्यासारखा दगड समोर बसला की माझी जीभ आवरत नाय.

बस खाली, कुठं निघालास? आता जाऊन गळ्यात पडशील नि तिचं सगळं केलेलं मातीत घालशील. डबा ठेव इथं. दुसरा ट्रायॅक घालते, कंडेन्सर जोडते, पंख्याला सोसेल असा करते. संध्याकाळी ने, तिच्यासमोर लाव, हळू करून दाखव, आणि म्हण – सेलच गेले होते. तिनं सांगितलं तेच, एक अक्षर जास्त नाय. आणि रात्री लादीवर तू झोप. म्हण, मला तिथंच बरं वाटतं.

जा आता, उजेड अडवू नकोस माझा. आणि समोरच्या दुकानातून नवे सेल घे – तिला दाखवायला.