धुरकीच्या तीन काड्या

नाही, पंप चालू आहे ते मलाही ऐकू येतंय, कान शाबूत आहेत माझे — बंद पडलाय असं मी फोनवर म्हटलंच नव्हतं, हवा पुरत नाही असं म्हटलं होतं. तुम्ही नळी काढलीत, फुंकलीत, परत बसवलीत, आणि निघालात पिशवी उचलून. असं नाही चालायचं, मिस्त्री. बसा त्या स्टुलावर. रद्दी खाली ठेवा आणि बसा. पंप ठीक आहे ना, मग या काड्या कशानं मरतायत ते सांगून जा. झाडांतलं कळत नाही म्हणता — मला तरी कुणी शिकवलं होतं? चौथीत शाळा सुटली माझी. जे आलं ते त्या फळीवरच्या चौदा वह्यांतून आलं, आणि त्या वह्या मीच लिहिल्यात. तुम्हाला यंत्रातलं कळतं, हेही यंत्रच समजा. पाणी, हवा, उजेड, खत. चारांतलं एक कुठेतरी बिघडलंय आणि मला सापडत नाहीये. मला. अडीच महिने झाले, मिस्त्री.

हा काळा टब बघा. झाकणाला चोवीस भोकं, भोकात जाळीचे पेले, पेल्यात फोमच्या चकत्या आणि चकतीत एकेक काडी — जास्वंदीची. आता किती आहेत? नका सांगू, मोजता येतं मला. तीन. पहिल्या नऊ लावल्यापासून पंधरवड्यातच गेल्या, त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही, तेवढ्या जातातच. पण राहिलेल्यांना पेराशी पांढरे फोड आले होते, तांदळाच्या कणीएवढे, मग नखाएवढी मुळं आली — आणि तिथे थांबल्या. मुळांची टोकं मऊ पडली, पानं फिकट झाली, एकेक करून माना टाकल्या. अहो, मूळ फुटेपर्यंत काडी रुसते, नखरे करते, ते मी समजू शकते. पण मूळ फुटल्यावर मरत नाही हो कोणी. चाळीस वर्षांत माझ्याकडे मेली नाही.

जास्वंद तर आहे, एवढं काय — असं तोंडावर लिहिलंय तुमच्या. बाजारात मिळते, एक आणा, झालं. ही नाही मिळत. ही मी केली. एका झाडाचा पराग रंगाच्या ब्रशनं दुसऱ्या झाडाच्या फुलात टेकवायचा, बी धरायचं, पेरायचं, फुलायची वाट बघायची, मनासारखं नाही आलं की उपटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून — अशी अकरा वर्षं. शेवटी एक आली. राखाडी. मेणबत्ती विझवल्यावर धूर निघतो ना, त्या रंगाची, कडेला जांभळट आणि घशाशी लाल. धुरकी म्हणते मी तिला. प्रदर्शनात नेली तर तिथला एक जाणकार विचारतो, आजी, कुठून आणलीत? म्हटलं, आणली नाही, केली. तो हसला. गच्चीवर बसून नवं वाण कोणी काढत नाही म्हणाला, आणि शेजारच्या गुलाबाकडे वळला. फोटो आहेत माझ्याकडे, पण फोटोत तो रंग येत नाही, निळा पडतो. म्हणजे धुरकी होती, खरोखर होती, याचा पुरावा जगात आता या तीन काड्या. या गेल्या की मग मी एक म्हातारी, जी येईल त्याला सांगत बसते की मी एकदा एक फूल केलं होतं.

काय काय बघितलं म्हणून काय विचारता, सगळं बघितलं. पाणी गरम होतंय का — नाही, चोवीसच्या वर कधी गेलं नाही, मोठ्या आकड्यांचं थर्मामीटर आणलंय मुद्दाम. मुळांना उजेड लागतोय का — खिडक्यांना कागद लावलाय, झाकणाच्या रिकाम्या भोकांत बुचं मारलीत, टबाला शेवाळ नाही, हात फिरवून बघा. देठ कुजलाय का — रोज दोन बोटांनी चोळून बघते, बुळबुळीत लागत नाही. वास? वासाला पाणी नळाच्या पाण्यासारखंच. खत जास्त झालंय का — अहो, पाव मात्रा घालते, आणि पाणी उडून कमी झालं की नुसतं पाणी ओतते, खताचं नाही. नवखी माणसं तिथेच मार खातात, पाणी उडतं पण खत उडत नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. काड्या कापतानाची सुरी स्पिरिटमध्ये बुडवलेली होती. आता हवाच राहिली होती, म्हणून तुम्हाला बोलावलं. आणि तुम्ही म्हणता हवा ठीक आहे.

मूळ झाड? मूळ झाड असतं तर तुमच्यासमोर ही रडगाणी गायली असती का मी? मारलं ते. खालचीनं. खालच्या मजल्यावर राहते ती — नाव नाही घेत मी तिचं. बावीस वर्षांचा शेजार, माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची, संध्याकाळी गच्चीवर यायची, झाडाशी उभी राहायची. पण कुंडीचं पाणी तिच्या बाल्कनीत ठिबकायचं ते तिला खुपत होतं, दोनदा बोलली होती. आणि मग एका सोमवारी कपडे वाळत घालायला वर आली, आणि बुधवारी धुरकीची पानं जळालेली — कोळपून काळी, जणू कुणी इस्त्री फिरवली. एक फांदी तेवढी कठड्यापलीकडे झुकलेली, ती वाचली, तिच्याच या चोवीस काड्या. जिन्यात उभी राहून विचारलं तिला मी, चार बिऱ्हाडं ऐकत असताना विचारलं. ती वळली. खाली गेली, किल्ली घेऊन आली, माझ्या हातात ठेवली आणि गेली. निर्दोष माणूस भांडतो की नाही? तुम्ही भांडला असता की नाही?

माझ्या हातून? माझ्या हातून कसं होईल. सोमवारी मी फवारलं होतं, खरं आहे — पिठ्या ढेकूण लागला होता फांद्यांच्या बेचक्यात, पांढरा कापसासारखा, बोटाला लागला होता — पण साबणाचं पाणी. साबणाच्या पाण्याला पिवळी पट्टी. गच्चीच्या फटीतलं गवत जाळायचं औषध असतं त्याला पांढरी. दोन्ही बाटल्या सारख्याच, म्हणून तर पट्ट्या चिकटवल्या, माझ्या हातानं, दोन्ही गळ्यापर्यंत भरून ठेवलेल्या. माझ्याकडे चुकीला जागाच ठेवलेली नाही मी. लेक म्हणते, आई, तू घर चालवतेस की प्रयोगशाळा.

पाण्याचा आंबटपणा? अरे वा, हे कुठे ऐकलंत? माशांच्या टाक्या दुरुस्त करता काय — तरीच. तपासते ना. एक दिवसाआड. ही काचेची नळी, हे थेंब. पाणी घ्यायचं, तीन थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. पिवळा आला की या पोरींना मानवतं. हिरव्याकडे गेलं की आम्लाचे थेंब टाकून खाली आणायचं, नाही तर पाण्यात खत असून मुळांना घेता येत नाही, पंगतीत बसून उपाशी. कार्ड येतं रंग जुळवायला, पण ते कुठल्या खणात पडलंय देव जाणे, मला लागत नाही ते. इतकी वर्षं बघून रंग पक्का बसलाय डोक्यात. आणि या खेपेला तर पाणी इतकं गुणी निघालं म्हणता, अडीच महिन्यांत आम्लाचा एक थेंब घालावा लागला नाही. एरवी दर दोन दिवसांनी चार-चार थेंब. आता हे बघा, तुमच्यासमोर करते — एक, दोन, तीन. हलवलं. घ्या. पिवळं.

काय म्हणालात?

हिरवं कसं असेल. उजेडाकडे धरा, तुम्ही सावलीत धरलंय. मिस्त्री, थट्टा करायचं माझं वय नाही आणि तुमचंही — बरं, परत करू. नळी धुवून करू. एक, दोन, तीन. आता सांगा. गर्द हिरवं, निळ्याकडे झुकणारं. तुमची नजर तपासलीत कधी? नाही, चिडत नाहीये मी. तो खण उघडा. नाही, खालचा. कार्ड असेल, दोऱ्यांच्या खाली. धरा त्याच्याशेजारी. कुठल्या चौकोनाशी जुळतंय, बोट ठेवा — शेवटून दुसऱ्या. त्यावर आकडा काय आहे, मोठ्यानं वाचा.

आठ.

इकडे द्या. खिडकीवरचा कागद फाडा तो, फाडा, उजेड येऊ दे. हे — हे सगळे चौकोन सारखेच आहेत हो. चहा सांडल्यासारखे. छपाई उडाली असेल, जुनं कार्ड आहे. नाही उडाली? तुम्हाला सहा वेगळे रंग दिसतात. बरं.

या पडद्यांचा रंग काय आहे, मिस्त्री? विचारते म्हणून सांगा. पांढरा. लेक आली होती तेव्हा तीही तेच म्हणत होती — आई, किती वेळा धुतेस, पांढरे स्वच्छ आहेत. मी म्हटलं, तुला घरकाम कधी जमलंय, हे पिवळे पडलेत. चार वेळा धुतले, दोन जागी विरले. मग मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तिनं. तो म्हणाला दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, आजी, जग चहातून बघताय तुम्ही, ऑपरेशन करून टाकू. मी म्हटलं, चहा मला आवडतो. आठ दिवस वाकायचं नाही, डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही — मग काड्यांकडे कोण बघणार? काड्यांसाठी नाही म्हटलं मी. काड्यांसाठी. गेल्या मोसमात फूल मातकट यायला लागलं होतं धुरकीचं, वाटलं वाण उतरलं, रात्र-रात्र वह्या चाळल्या. खालची म्हणाली होती, छान राखाडी आहे की, होती तश्शीच. म्हटलं, तुला रंगातलं काय कळतं.

बरं, ते राहू दे. जिवंत आहेत ना तिन्ही? पानं बघा — शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं? हं. म्हणजे उपाशी आहेत, मेल्या नाहीत. आठ म्हणजे फार वर गेलंय, सहा हवं, पण एकदम खाली आणलं तर मुळं भाजतील. आज थोडं, उद्या थोडं, पाच-सहा दिवसांत आणायचं, आणि रोज रंग बघायचा. रोज. तुम्ही रोज याल का? नाही, कसे याल, तुमची कामं आहेत. लेक शनिवारशिवाय येत नाही, शनिवारपर्यंत या थांबणार नाहीत. आजचे थेंब तरी आपण घालू. आम्लाची बाटली त्या वरच्या फळीवर आहे, लहान आहे, काचेची, फवाऱ्याच्या दोन बाटल्यांच्या मागे. त्या दोन जपून बाजूला करा. एकीत गवताचं औषध आहे, हाताला लागू देऊ नका — पांढऱ्या पट्टीच्या बाटलीत.

ती गळ्यापर्यंत भरलेली असेल, सांडेल. यंदा गच्चीवर गवत मारलंच नाही मी.

अर्धी?

अर्धी पिवळ्या पट्टीची असेल हो, साबणाची. मी फवारली ती. नीट बघा. दोन्ही हातात घ्या आणि सांगा. भरलेली कुठली — पिवळी. गळ्यापर्यंत तशीच आहे. आणि अर्धी पांढरी. परत एकदा सांगा.

नको, नका सांगू. ऐकलं मी.

ठेवा त्या खाली. आम्लाचे दोन थेंब टाका टबात, दोनच, आणि काठीनं ढवळा, हळू, मुळांना धक्का नको. बस. झालं तुमचं काम. पंप ठीक आहे, खरं होतं तुमचं. पिशवी घ्या. ते कार्ड आणि नळी माझ्याकडे द्या.

जाताना एक करा. खालच्या मजल्यावर डावीकडचं दार. बेल वाजवा आणि पुढे चालू लागा, थांबू नका, काही सांगू नका, माझं नावसुद्धा नाही. ती दार उघडून वर बघेल, तिला सवय आहे. मी उभी असेन जिन्यात, कार्ड आणि नळी घेऊन. नाही, हात नको, कठडा धरून उतरता येतं मला. तुम्ही व्हा पुढे.