मोनाची कॅसेट

कळंब्याच्या फोनबूथवर सौंदर्या तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. पुढं शालूबाई रिसीव्हर कानाला लावून उभी होती आणि तिच्या पाठीशी शेजारीण नीलम्मा.

"उचलला का मोनानं?"

"न्हाय. नुसती रिंग वाजतीया. तीन महिनं झालं, नीलम्मा."

"अमेरिकेच्या टीव्हीत काम करती न्हवं? असंल की गडबडीत."

"कुठली गडबड! एकदाच घेतलतं तिला. मुडद्याचं सोंग दिलतं. त्याची कॅसेट धाडलीया."

"अगं बया! आन् तू ती बघतीस?"

"रोज."

"येडी का खुळी तू? पोटच्या पोरीला मेलेली बघतीस?"

"पांढरी चादर हाय, डोळं मिटल्यात. पर नीट बघितलं की पोट हलतंय तिचं. श्वास धरून ठेवायला जमलं न्हाय, म्हणून पुन्यांदा बोलावलंच न्हाय. शेवटच्या पत्रात लिवलतं तिनं."

"मग?"

"मग काय? तेवढंच बघती. पोट हलतंय का."

रिंग वाजून वाजून थांबली.

"चला, पुढचा नंबर," बूथवाला म्हणाला.

सौंदर्याचा हात झोपलेल्या लेकीच्या पोटावर होता.

"माझा राहू द्या," ती म्हणाली. "मावशींचाच परत लावा."