‘बरं’ म्हणजे होकार नव्हे

हॅलो?… हो, संचिताच. आज सुट्टी ना माझी, घरीच आहे. बोल दर्शना… काय? मी होकार दिला? शहाडला?… बदलीची ऑर्डर टाइप करतेयस? थांब! आधी बोटं उचल की-बोर्डवरून!

अगं ऐक ना. काल सुदेश सरांचा फोन आलेला. म्हणे, शहाडच्या लॅबमध्ये सकाळी सहाला रक्त घ्यायला माणूस नाही, सोमवारपासून तुम्ही जा. मी म्हटलं, “बरं”… हो, “बरं”. ते सांगत गेले, मी “बरं… बरं” करत गेले. अगं, ‘बरं’ म्हणजे ऐकतेय! फोनवर दुसरं काय म्हणतो आपण?… हसू नकोस गं! इथलं कळव्यातलं पाळणाघर उघडतं आठला. दीड वर्षाच्या ऋतुराजला सहाला कुणाच्या हातात देऊ?… हे? हे तर साडेपाचलाच कामाला निघतात.

नेमणूक-पत्र?… आहे, थांब… ए राजा, सोड ते, खाऊ नाहीये तो!… हां. कोपरा चघळलाय, पण वाचता येतंय. “कामाचे ठिकाण : नौपाडा, ठाणे. ठिकाण किंवा वेळ बदलण्यास कर्मचाऱ्याची लेखी संमती आवश्यक”… लेखी! अगं बाई! म्हणजे मी नाही म्हणू शकते?

मग सोमवारी घरीच बसते, कळेल त्यांना… नको? का?… असं होय! घरी बसले तर गैरहजर. नौपाड्याला वेळेवर यायचं, रोजचं काम चोख करायचं आणि नकार लेखी द्यायचा, कारणासकट. हो, हो… पण दर्शना, आपल्या मालनताई, त्याही रक्त घ्यायचंच काम करतात, त्या राहतात ना शहाडला? रोज कुरकुरतात, घराजवळ काम मिळालं तर देव पावला म्हणून. त्यांना विचारलं का कोणी? विचार ना, तुझ्या शेजारीच तर बसतात… काय म्हणाल्या?… आनंदाने उभ्याच राहिल्या? पेढे वाटते म्हणाल्या?

लिहिते. फोन ठेवू नकोस, वाचून दाखवते. “आदरणीय सर, बाळ लहान असल्याने शहाडची पाळी मला स्वीकारता येणार नाही. नौपाड्याचे काम नेहमीप्रमाणे करीन. मालनताई शहाडला जाण्यास तयार आहेत.” खाली ‘क्षमस्व’ लिहू?… एकदाच?… राहिलं!

गेला मेल. केबिनमध्ये डोकाव ना जरा. काय करतायत सर?… वाचतायत? चेहरा कसाय?… चष्मा पुसतायत म्हणजे काय गं? चांगलं की वाईट?

आलं! उत्तर आलं! “ठीक आहे. मालनताईंची ऑर्डर काढतो. तुम्ही नौपाड्यातच राहा.” दर्शना! अगं, मी ओरडले तर हा टाळ्या पिटतोय इथे!

थांब, खाली अजून एक ओळ आहे… “पुढच्या रविवारी कळव्यात तपासणी शिबिर आहे. याल का?”… ‘याल का’, दर्शना! ‘या’ नाही, ‘याल का’! सहा वर्षांत पहिल्यांदा प्रश्नचिन्ह आलंय माझ्या वाट्याला!… काय? नाही, नाही, तू काही सुचवू नकोस. मला विचारलंय. दोन दिवस विचार करीन, मग कळवीन. चल, ठेवते!